आमचा बरो, लेकीची शाळा आणि माझी तीन मिनिटं

आमच्या सासूबाई जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून रिटायर झाल्या, त्यामुळे मागच्या मे महिन्यात पहिल्यांदा इकडे न्यू जर्सीला आल्या तेव्हा त्यांनी मॉल-बिल बघायच्या आधी नातीची शाळा बघितली. गेटवरून परत येताना मला विचारतात, "काय गं, ही शाळा कोणाची? नगरपालिकेची का जिल्ह्याची?" मी म्हटलं, "दोघांचीही नाही आई, शाळा शाळेचीच आहे." त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय. "अगं पण पगार कोण देतं? छप्पर गळलं तर अर्ज कोणाकडे करायचा?" आता हे समजावायला मला घरापर्यंतची १२ मिनिटं पुरली नाहीत, संध्याकाळचा चहा झाला तरी पुरलं नाही, आणि समजावता समजावता लक्षात आलं की चार वर्षांपूर्वी मला स्वतःलाही यातलं ओ की ठो माहीत नव्हतं. म्हणून ही पोस्ट. लांब होणार आहे, आधीच सांगते.

आम्ही राहतो तो एक बरो आहे. नाव लिहीत नाही कारण पुढे थोडी तक्रार आहे आणि गाव एवढंसं आहे की उद्या किराणा घेताना त्याच लोकांची गाठ पडते. बरो म्हटलं की आपल्या लोकांना मॅनहॅटन, क्वीन्स, ब्रुकलिन आठवतं, पण ते न्यूयॉर्क शहराचे पाच तुकडे, ते वेगळं प्रकरण. न्यू जर्सीतला बरो म्हणजे स्वतंत्र गाव, स्वतःचा मेयर, स्वतःचं काउन्सिल, आणि बहुतेक ठिकाणी स्वतःचे पोलीस आणि स्वतःचं शाळेचं डिस्ट्रिक्ट सुद्धा (हे डिस्ट्रिक्ट म्हणजे आपला जिल्हा नव्हे, त्या गावाच्या शाळा चालवणारी वेगळी संस्था). आमचा बरो जेमतेम दोन चौरस मैलांचा आहे. एका टोकाहून दुसऱ्या टोकाला मी बाबागाडी ढकलत गेलेली आहे, आणि वाटेत कॉफी घ्यायला थांबूनही तासाभरात पोचले होते.

असे गावांचे तुकडे या राज्यात ५६४ आहेत. राज्य केवढं, तर २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या ९३ लाखांच्या आतबाहेर. त्यात २१ काउंट्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारख्या, आणि ५६४ म्युनिसिपालिट्या, कोणी टाउनशिप, कोणी सिटी, कोणी टाउन, दोनचार व्हिलेज, आणि सगळ्यात जास्त बरो, अडीचशेच्या आसपास. एकट्या बर्गन काउंटीत ७० गावं आहेत. तिथे गाडी चालवताना पाच मिनिटांत तीन वेगवेगळ्या पोलिसांच्या हद्दीतून जायला होतं आणि तिघांची स्पीड लिमिटची पाटी वेगळी.

एवढे तुकडे का झाले याची गोष्ट मला फार आवडते कारण ती थेट शाळेपाशी येऊन थांबते. १८७८ साली कायदा झाला की टाउनशिपचा चार चौरस मैलांपेक्षा छोटा तुकडा, जिथे हजाराच्या आत लोक राहतात, त्यांनी मतदान घेऊन वेगळं व्हायचं ठरवलं तर त्यांना बरो होता येईल. सुरुवातीला फार कोणी मनावर घेतलं नाही. मग १८९४ ला राज्याने दुसरा कायदा केला, की आता वाडीवाडीची वेगवेगळी शाळा-डिस्ट्रिक्ट्स बास झाली, अख्ख्या टाउनशिपचं मिळून एकच डिस्ट्रिक्ट. कागदावर छान. पण ज्या वस्तीने आपली शाळा बांधून तिचे पैसे फेडून टाकले होते तिला आता पलीकडच्या वस्तीच्या शाळेचं कर्ज पण फेडायला लागणार. आणि कायद्यात एक फट राहिली होती, बरो असेल तर त्याचं डिस्ट्रिक्ट वेगळं राहणार. झालं. लोकांनी धडाधड बरो करायला घेतले. बर्गन काउंटीत एका १८९४ सालात २६ बरो झाले, रेल्वे स्टेशनभोवतीची वस्ती एकीकडे, शेतकरी दुसरीकडे, कोणाला फुटपाथ आणि रस्त्यावर दिवे हवेत, कोणाला त्याचे पैसे द्यायचे नाहीत. या साथीला तेव्हापासून 'बरोआयटिस' म्हणतात, म्हणजे अपेंडिसायटिससारखा बरोचा आजार. शेजाऱ्याच्या पोरांच्या शाळेचे पैसे आपण का भरायचे, या एका प्रश्नावर नकाशा फाटला आणि तो सव्वाशे वर्षांनी पण तसाच फाटलेला आहे. आमच्याकडे वेगळा विदर्भ अजून झाला नाही आणि यांनी एका वर्षात २६ गावं वेगळी काढली, असं नवरा म्हणतो.

आपल्या लोकांना ओळखीचं उदाहरण द्यायचं तर एडिसन. एडिसन टाउनशिप सगळ्यांना माहितीये, एक लाखाच्या वर वस्ती, निम्मी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. तिच्या बरोब्बर पोटात मटचन नावाचा बरो आहे, चारही बाजूंनी एडिसनने वेढलेला, म्हणजे एडिसन हा मेदूवडा धरला तर मटचन हे त्याचं भोक. १९०० साली तो वेगळा झाला तेव्हा एडिसनचं नाव एडिसन नव्हतंच, रॅरिटन टाउनशिप होतं, ते नाव बदललं १९५४ ला. मटचनचं क्षेत्रफळ तीन चौरस मैलांच्या आत, २०२० ला लोकसंख्या १५,०४९, आणि हायस्कूलपर्यंत सगळं स्वतःचं. तिथल्या घराच्या जाहिरातीत 'मटचन स्कूल्स' असं लिहिलेलं असतं आणि समोरच्या गल्लीतल्या तसल्याच घराच्या जाहिरातीत 'एडिसन स्कूल्स', आणि त्या एका ओळीने किंमत हलते.

सगळ्याच बरोंना एवढं जमत नाही. काही बरोंची शाळा आठवीपर्यंत, पुढे मुलं शेजारच्या गावाच्या हायस्कूलला पाठवायची आणि त्यांची फी बरोच्या डिस्ट्रिक्टने भरायची. काही ठिकाणी तीन-चार गावांनी मिळून एक रीजनल हायस्कूल काढलेलं असतं आणि मग कोणी किती पैसे द्यायचे, डोक्यावर का घरांच्या किमतीवर, यावरून कोर्टापर्यंत भांडणं. आणि काही नमुने तर असे की शाळाच नाही. कॅम्डन काउंटीत टॅविस्टॉक नावाचा बरो आहे, १९२१ ला झालेला, मुळात एक गोल्फ क्लब आणि त्याला चिकटलेली मोजून काही घरं. शेजारच्या गावात रविवारी गोल्फ खेळायला बंदी होती म्हणून यांनी गावच वेगळं काढलं. २०२० ला तिथली लोकसंख्या ९. नऊ. आमच्या सोसायटीच्या गणपतीच्या कमिटीत जास्त लोक होते. तसाच पाइन व्हॅली, तोही गोल्फवाला, तो मात्र २०२२ च्या १ जानेवारीला शेजारच्या पाइन हिलमधे विलीन झाला. पूर्वी असल्या गावांचं एकही शाळा नसलेलं शाळा-डिस्ट्रिक्ट सुद्धा असायचं, कागदोपत्री, २००९ च्या एका कायद्याने ती डिस्ट्रिक्ट्स शेजाऱ्यांत मिसळायला सुरुवात झाली.

बरं, आता आमचा बरो. सासूबाईंना मी शेवटी रोज सकाळचं दृश्य दाखवून समजावलं. शाळेसमोरच्या चौकात पिवळंजर्द जॅकेट घातलेले एक आजोबा हातात स्टॉपची पाटी घेऊन उभे असतात, क्रॉसिंग गार्ड. ते बरोचे. म्हणजे पोलीस खात्याखाली, पगार बरोच्या बजेटमधून. त्यांनी पाटी वर केली, गाड्या थांबल्या, मुलं रस्ता ओलांडून पलीकडे गेली आणि शाळेच्या आवारात पाय ठेवला की तिथून पुढे सगळं बोर्ड ऑफ एज्युकेशनचं, म्हणजे शाळांसाठी वेगळं निवडून दिलेल्या मंडळाचं. शिक्षक त्यांचे, छप्पर त्यांचं, बसायची खुर्ची त्यांची. झेब्रा क्रॉसिंगच्या एका टोकाला एक सरकार आणि दुसऱ्या टोकाला दुसरं. एकदा त्या चौकात पाणी तुंबलं होतं तर दोन्हीकडच्यांनी वाकून वाकून बघितलं की तुंबलेलं नक्की कोणाच्या बाजूला आहे.

काउन्सिलमधे सहा जण, तीन तीन वर्षांची मुदत, दरवर्षी दोघांची निवडणूक, मेयर चार वर्षांसाठी. हा 'बरो फॉर्म' राज्यातल्या २१८ गावांत चालतो. यातली गंमत अशी की मेयर मीटिंग चालवते, सह्या करते, रिबिनी कापते, पण मत फक्त तीन-तीन अशी बरोबरी झाली तरच देते, एरवी नाही. व्हेटो आहे, पण काउन्सिलला दोन तृतीयांश मतांनी तो उडवता येतो. आमच्या मेयरबाई दिवसा दुसरीकडे नोकरी करतात आणि संध्याकाळी मेयर असतात. बोर्ड ऑफ एज्युकेशन मात्र नऊ जणांचं, पक्षाच्या नावावर नाही, आणि पगार शून्य, कायद्यानेच शून्य. हे सांगितल्यावर सासूबाई पहिल्यांदा जरा विचारात पडल्या. "फुकट? मग निवडून कशाला येतात?" मी म्हटलं बहुतेकांची मुलं त्याच शाळेत असतात. "हां, मग ठीक आहे," म्हणाल्या, पण पूर्ण पटलेलं दिसलं नाही.

आणि पैसे. वर्षातून चार वेळा, फेब्रुवारी मे ऑगस्ट नोव्हेंबर, एक तारखेला प्रॉपर्टी टॅक्सचा हप्ता. २०२४ मधे राज्यात घरामागे सरासरी टॅक्स पहिल्यांदाच १० हजार डॉलरच्या वर गेला. बिल बरोचं येतं, चेक बरोच्या नावाने जातो, म्हणून सगळे शिव्या पण बरोलाच घालतात, पण त्यातला राज्यभरात साधारण अर्धा शाळेचा असतो, मग थोडा काउंटीचा, आणि उरलेल्यात बरोचे पोलीस, कचरा, पानं उचलणं, बर्फ काढणं, लायब्ररी. शिवाय कोणी टॅक्स बुडवला तरी शाळेला आणि काउंटीला त्यांचे पैसे पूर्णच्या पूर्ण द्यायचे, खड्डा पडला तर बरोने आपल्या वाट्यातून भरायचा. म्हणजे घरातल्या मोठ्या सुनेसारखं, वाढायचं सगळ्यांना आणि उरलं तर आपण.

मी हे सगळं शिकले ते हौसेने नाही. लेक किंडरगार्टनला गेली तेव्हा नाव घालायला मी फाइल भरून कागद नेले होते, घराचे कागद, विजेचं बिल, बँकेचं पत्र, लसीकरणाचं कार्ड. तिथल्या बाईंनी पत्त्याचे पुरावे मात्र असे तपासले की घर विकत घेताना वकिलाने पण तेवढे तपासले नसतील. व्हिसाबद्दल चकार शब्द विचारला नाही, तो विचारायचा नसतोच, तुम्ही या दोन चौरस मैलांच्या आत राहता का एवढाच प्रश्न. पण बाहेरून कोणी मूल घुसवू नये यासाठी हे जे डोळ्यात तेल घालून बसतात ना, तेव्हा मला १८९४ आठवतं.

तर किंडरगार्टनला वर्गात १९ मुलं होती, दुसरीत २३ झाली, तिसरीत २६. संगीताच्या बाई दोन शाळांत वाटल्या गेल्या, लायब्ररीतल्या मदतनीस कमी केल्या. का, तर बजेट. २०१० च्या कायद्यानंतर टॅक्सची एकूण वसुली वर्षाला दोन टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही, काही अपवाद सोडून, आणि शिक्षकांचा आरोग्य विमा दोन टक्क्यांनी वाढतो असं कोणी सांगितलं तर माझं नाव बदलेन. राज्याची मदत येते पण २००८ च्या फॉर्म्युल्याने गावाची ऐपत बघून येते आणि आमच्यासारख्या गावांना त्यात फार नाही. मुलं किती हे मोजायचा दिवस १५ ऑक्टोबर, त्या दिवशी पटावर असलेलं मूल ते मूल, सोळा तारखेला आलं तर पुढच्या वर्षी भेटू. सासूबाईंनी हे ऐकून टाळी दिली, "पटपडताळणी! म्हणजे इथे पण आहे!" त्यांच्या नोकरीतले पटपडताळणीचे किस्से मग जेवण होईपर्यंत चालले, ते इथे लिहिण्यासारखे नाहीत.

आणि त्याच वर्षी स्टेशनजवळ जुन्या गोदामाच्या जागी पाच मजली बिल्डिंगचं ठरलं. शंभराच्या वर फ्लॅट्स, त्यातले काही परवडणाऱ्या घरांच्या कोट्यातले. हा कोटा म्हणजे माउंट लॉरेल, त्या नावाच्या गावाच्या खटल्यावरून पडलेलं नाव. १९७५ ला राज्याच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की गावांनी फक्त मोठी घरंच बांधता येतील असे नियम करून गरिबांना बाहेर ठेवायचं नाही, प्रत्येक गावाने आपला वाटा उचलायचा, आणि तेव्हापासून दर काही वर्षांनी गावांना आकडा मिळतो आणि गावं कुरकुर करतात. आता २०२५ ते २०३५ ची चौथी फेरी चालू आहे. बरोत मोकळी जागा नाहीच, म्हणून जे होतं ते स्टेशनजवळ उभं होतं.

व्हॉट्सअ‍ॅपवर आईलोकांच्या ग्रुपमधे हाहाकार. अजून शंभर घरं, म्हणजे अजून शंभर-दीडशे मुलं, बसवणार कुठे, कॅफेटेरियात? त्यात कोणीतरी 'पायलट' शब्द टाकला. मला वाटलं विमानाचं काही आहे. पायलट म्हणजे बिल्डरने नेहमीचा प्रॉपर्टी टॅक्स भरायचाच नाही, त्याऐवजी ठरलेली रक्कम द्यायची, तीस तीस वर्षांपर्यंत. आणि खरी ग्यानबाची मेख इथे आहे, नेहमीच्या टॅक्समधे शाळेचा मोठा वाटा असतो, या रकमेत ९५ टक्के बरोला, ५ टक्के काउंटीला, आणि शाळेला द्यायची सक्ती काहीच नाही. काउन्सिलने मनाने दिलं तर दिलं. हे वाचून माझं डोकंच सटकलं. नवरा म्हणाला जा मग मीटिंगला, इथे माझ्यासमोर भाषण करून काय उपयोग. गेले.

सोमवारी संध्याकाळी साडेसात. बरो हॉलची ती खोली म्हणजे आपल्या वाचनालयाच्या हॉलएवढी, फोल्डिंगच्या खुर्च्या, समोर अर्धगोल टेबल, दोन झेंडे. सुरुवातीला क्लार्कबाई एका दमात वाचून दाखवतात की या मीटिंगची सूचना कायद्याप्रमाणे आधी दिलेली आहे, तो १९७५ चा सनशाइन कायदा, हे वाचल्याशिवाय मीटिंग सुरूच होत नाही, सत्यनारायणाच्या संकल्पासारखं. मग झेंड्याला वंदन, मग हजेरी, मग एका स्काउटच्या मुलाचा सत्कार कारण त्याने पार्कात बाक बांधला होता, त्याच्या आजीने खूप फोटो काढले, मग मुलाकडचे सगळे उठून गेले आणि हॉल अर्धा रिकामा. माझा नंबर आला तेव्हा पावणेनऊ झाले होते. माइकपाशी जाऊन नाव आणि पत्ता सांगायचा, आणि समोर एक टायमर, तीन मिनिटं, हिरवा, पिवळा, लाल.

मी ग्रीन कार्डवर आहे, मला इथे मत नाही. पण टॅक्स भरते आणि माइक कोणालाही आहे, हे मला त्या दिवशी कळलं. मी घरी पाठ करून गेले होते, वर्गात २६ मुलं, संगीताच्या बाई, तुम्ही शाळेचा वाटा स्वतःकडे ठेवताय, पिवळा दिवा लागला तेव्हा माझी प्रस्तावना चालू होती. लाल लागल्यावर एक काउन्सिलवाले काका अगदी प्रेमाने म्हणाले की तुमची काळजी समजते पण वर्गातली संख्या हा बोर्ड ऑफ एज्युकेशनचा विषय आहे, आम्हाला त्यात बोलता येत नाही. बरं म्हटलं. पुढच्या आठवड्यात बोर्डाच्या मीटिंगला गेले, शाळेच्या लायब्ररीत, छोट्या मुलांच्या खुर्च्यांवर गुडघे छातीशी घेऊन बसलेले आम्ही सगळे. तिथे परत तीन मिनिटं. तिथे उत्तर मिळालं की बिल्डिंग आणि पायलट हा काउन्सिलचा विषय आहे, आम्हाला त्यात बोलता येत नाही. अशी शुद्ध टोलवाटोलवी मी आपल्याकडच्या सरकारी ऑफिसात पण बघितली नव्हती, आणि वाईट म्हणजे दोघंही खरंच बोलत होते.

त्या बोर्डाच्या मीटिंगमधे एक निवृत्त बाई शेजारी बसल्या होत्या, गावात साठेक वर्षं राहिलेल्या. मीटिंग संपल्यावर पार्किंगमधे मला म्हणाल्या की १९७० च्या सुमाराला या गावात आत्तापेक्षा जास्त मुलं होती, घरं हीच होती. मला पटेना. घरी येऊन जनगणनेचे आकडे काढले तर आमच्याकडेच काय, आजूबाजूला सगळीकडे तेच. मटचनचंच घ्या, १९७० ला १६ हजारांच्या वर, १९९० पर्यंत १३ हजारांच्या खाली, मग परत चढत २०२० ला १५ हजार. मधे काही गाव उजाड झालं नव्हतं, घरं पाडली नव्हती. झालं असं की तीन-चार मुलं असलेल्या घरातली मुलं मोठी होऊन निघून गेली, आईवडील तिथेच राहिले, सहा माणसांच्या घरात दोन, मग एक. त्या काळात कितीतरी छोट्या गावांनी शाळेच्या इमारती बंद केल्या, विकल्या. आमच्या गावातल्या एका जुन्या शाळेत आता ऑफिसं आहेत, दारावर अजून दगडात 'गर्ल्स' कोरलेलं आहे, तिथून आता डेंटिस्टकडे जायचा रस्ता.

बिल्डिंगचा ठराव दुसऱ्या वाचनाला आला तेव्हा हॉल भरलेला होता. ठराव दोनदा वाचावा लागतो, पहिल्यांदा नुसता मांडायचा आणि दुसऱ्यांदा लोकांचं ऐकून मत. बिल्डरच्या प्लॅनरने आकडे सांगितले की स्टेशनजवळच्या एक-दोन बेडरूमच्या फ्लॅट्समधे शाळकरी मुलं फार नसतात, जोडपी आणि एकटे जास्त, शंभर-दीडशे सोडा, दहा-पंधरा धरा. मागून कोणीतरी मोठ्याने हसलं. मी पण हसले, कबूल करते. मत तीन विरुद्ध तीन. सगळे वळून मेयरबाईंकडे. त्यांनी चष्मा काढला, टेबलावर ठेवला, परत घातला आणि हो म्हणाल्या, एका अटीसोबत, की बरोने पायलटच्या पैशातला काही भाग दरवर्षी शाळेला द्यायचा करार बोर्डाबरोबर करावा. तो करार व्हायला पुढे नऊ महिने लागले आणि रक्कम बघून मला काही नाचावंसं वाटलं नाही, पण संगीताच्या बाई परत पूर्ण वेळ आल्या. त्याचं श्रेय कोण घेतं यावरून काउन्सिल आणि बोर्ड यांच्यात आता वेगळी चुरस आहे.

विलीन का नाही होत सगळे, असं सासूबाईंनी विचारलंच. होतात, पण मेटाकुटीला येऊन. प्रिन्स्टन बरो आणि प्रिन्स्टन टाउनशिप, हा पण मेदूवड्याचाच प्रकार, त्यांच्या शाळा कित्येक वर्षं एकत्र होत्या तरी गावं एक व्हायला २०१३ उजाडलं, त्याआधी मतदानात प्रस्ताव पडत आलेला. आमच्याकडे कोणी विषय काढला तर लोक दारातल्या झाडाला मारावी तशी हद्दीला मिठी मारून बसतील, आणि खरं सांगू, मी पण बसेन. गल्लीतल्या सगळ्यांना माझ्या लेकीचं नाव माहितीये. शाळेच्या सुपरिंटेंडंट, म्हणजे डिस्ट्रिक्टच्या मुख्य अधिकारी, सकाळी दारात उभ्या असतात. २६ मुलांचा वर्ग झाला तर मी रागावून जाऊन समोर बोलू शकते अशा खोलीत, जिथे मला ऐकणारे लोक दुसऱ्या दिवशी बेकरीत भेटतात. शेजारच्या टाउनशिपच्या मीटिंगला मी एकदा गेले होते, तिथे माझा नंबर ४१ वा होता.

आमच्या घरासमोरचा रस्ता हीच हद्द आहे. पलीकडचं घर टाउनशिपमधे. त्यांची कचऱ्याची गाडी मंगळवारी, आमची गुरुवारी. त्यांच्या मुलाची शाळा दोन मैलांपेक्षा लांब, त्यामुळे राज्याच्या नियमाने त्याला पिवळी बस, आमच्या बरोत कोणीच शाळेपासून दोन मैलांवर राहूच शकत नाही त्यामुळे बसचा प्रश्नच नाही, लेक चालत जाते. बर्फ पडला की त्यांचा सुपरिंटेंडंट वेगळा, आमचा वेगळा, जानेवारीत एकदा त्याला सुट्टी आणि हिला दोन तास उशिरा शाळा. सकाळी तो समोरच्या अंगणात बर्फाचा माणूस करत होता आणि ही खिडकीतून बघत मोजे घालत होती. "आई, आपण रस्त्याच्या त्या बाजूला का नाही राहत?" आता तिला काय १८९४ सांगू.

बिल्डिंग गेल्या वर्षी भरली. गॅलऱ्यांत सायकली, झाडं, एका गॅलरीत तुळस पण आहे. शाळा सुरू झाली तेव्हा मी मोजायला लागले, सवयच लागलीये. त्या बिल्डिंगमधून लेकीच्या इयत्तेत एक मुलगा आलाय, अख्ख्या शाळेत मिळून अकरा. आणि आमच्या एकट्या गल्लीत दोन वर्षांत म्हाताऱ्या जोडप्यांनी तीन घरं विकली, त्यातून सात मुलं आली. आमचं घरही आम्ही एका ऐंशीच्या आजींकडून घेतलंय, तिथे त्या एकट्या राहायच्या. माइकसमोर उभं राहून गर्दीबद्दल बोलताना हे मला कोणी विचारलं नाही ते बरंच झालं. धाकटा पुढच्या सप्टेंबरला किंडरगार्टनला जाईल.